छोटा डीएसएलआर निवडताना: बर्डीवर जाण्याआधी आणि काउंटरवर

डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा. तो घ्यायचं बजेट ठरलं की बर्डीवरच्या (नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या) दुकानात जाण्याआधी ते कागदावर वाटून घ्या. दहा भागांपैकी पाच ते सहा बॉडी आणि किट लेन्सला (बॉडीसोबत मिळणारी साधी लेन्स), तीन दुसऱ्या लेन्सला, आणि उरलेलं कार्ड, जास्तीची बॅटरी, ब्लोअर (धूळ उडवायचा रबरी फुगा) आणि हवाबंद डब्याला. नवखे लोक हे दहाही भाग बॉडीवर संपवतात. मग दोन वर्षं १८-५५ च्या किट लेन्सवर निघतात, आणि संध्याकाळचे फोटो मोबाइलपेक्षा वाईट का येतात हे त्यांना कळत नाही. दोष बॉडीचा नसतो. ५५ मिमीला, म्हणजे पूर्ण झूमला, ती लेन्स एफ ५.६ पेक्षा जास्त उघडतच नाही. (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड, म्हणजे एपर्चर, मोठं.) एफ १.८ ची साधी लेन्स त्याच्या साडेनऊ पट उजेड आत घेते. किट लेन्सवर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटो दाणेदार होतो) ६४०० लागत असेल तिथे तिचं ६४० ते ८०० वर भागतं. दहा-पंधरा हजार जास्त मोजून घेतलेली वरची बॉडी हा फरक भरून काढू शकत नाही. म्हणून बॉडी छोटी आणि साधी घ्या, पैसे लेन्ससाठी राखा. पुढे जे सांगितलं आहे ते याच हिशेबाने.

डीएसएलआरच का, आणि कोणता

कॅनन आणि निकॉन, दोघांनीही २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही. त्यांचं सगळं नवं काम मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत) चालतं. त्यामुळे बाजारात नवा माल कमी आणि वापरलेला भरपूर, असं चित्र आहे. तुमचं मुख्य काम व्हिडिओ असेल तर सरळ मिररलेस बघा. फोटो शिकायचे असतील, खिसा मर्यादित असेल, तर डीएसएलआर अजूनही फायद्याचा आहे. वापरलेल्या लेन्सा स्वस्तात मिळतात, एका बॅटरीत अख्खं लग्न निघतं, आणि नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात मागची स्क्रीन काळीठिक्कर दिसते तेव्हा काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून सगळं स्वच्छ दिसतं.

एक घोळ आधीच समजून घ्या. कॅननचा एकच कॅमेरा देशोदेशी वेगळ्या नावाने विकला जातो. आपल्याकडचा १५००डी म्हणजे युरोपातला २०००डी आणि अमेरिकेतला रिबेल टी७. २००डी मार्क टू म्हणजे २५०डी किंवा एसएल३. रिव्ह्यू शोधताना ही नावं कामी येतात. आणि काउंटरवरच्या बॉडीवर ‘रिबेल’ लिहिलेलं दिसलं, तर ती बाहेरून आलेली आहे हे कळतं. मग इथल्या वॉरंटीचं काय, हा प्रश्न तिथेच विचारायचा.

निकॉन डी३५०० हा २०१८ चा कॅमेरा. बॅटरी आणि कार्डासकट ४१५ ग्रॅम, २४ मेगापिक्सेल, एका चार्जिंगवर कंपनीच्या मोजणीप्रमाणे १५५० फोटो. पकड खोल आहे, मोठ्या हातालाही बसते. उणिवा अशा: स्क्रीन घट्ट बसवलेली, टच नाही, माइकचं छिद्र नाही, आणि सेन्सर आपोआप झटकून साफ करण्याची सोयही नाही. ही शेवटची उणीव आपल्या धुळीत जाणवते. तरीही केवळ फोटोंसाठी नवख्याला पहिलं नाव सुचवायचं तर हेच.

निकॉन डी५६०० (२०१६) थोडा जड, ४६५ ग्रॅम. पण फोकसचे ३९ पॉइंट आहेत, डी३५०० ला ११ आहेत. फिरणारी टच स्क्रीन आहे, माइकही लागतो. धावणारी मुलं, अंबाझरीवरचे पक्षी, क्रिकेट, यात रस असेल तर हा घ्या. या दोन्ही निकॉनमध्ये मेनू मराठीत करता येतो. गंमत म्हणून जरूर करून पाहा, पण शिकताना इंग्रजीच ठेवा, कारण शिकवणारे सगळे इंग्रजी नावांनीच बोलतात.

कॅनन २००डी मार्क टू (२०१९) ४४९ ग्रॅमचा. त्याचं खरं बळ मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढण्यात आहे. ड्युअल पिक्सेल (सेन्सरवरूनच फोकस साधण्याची कॅननची पद्धत) फोकसमुळे स्क्रीनवर बोट ठेवलं की फोकस लगेच बसतो. वरच्या दोन्ही निकॉनमध्ये स्क्रीनवरून फोकस मागेपुढे चाचपडतो. व्हिडिओ करणाऱ्याने लक्षात ठेवावं की यात ४के लावलं की ड्युअल पिक्सेल बंद पडतं आणि चित्रही कडेने कापलं जातं. फुल एचडीतच हा कॅमेरा चांगला चालतो. व्ह्यूफाइंडरमध्ये मात्र फोकसचे फक्त ९ पॉइंट आहेत. जुना २००डी (२०१७) स्वस्तात मिळाला तरी चालेल.

कॅनन १५००डी सगळ्यात जास्त दिसतो, कारण दुकानदार तोच पुढे करतात. ४७५ ग्रॅम, सेकंदाला ३ फोटो, बॅटरी ५०० फोटोंची, टच नाही, माइक नाही. वाईट नाही, पण तेवढ्याच पैशात वापरलेला २००डी मिळत असेल तर तो घ्या. ३०००डी टाळा. लेन्स बसते ती कडी प्लास्टिकची, स्क्रीन छोटी आणि पुसट, आणि डोळ्याच्या नंबराप्रमाणे व्ह्यूफाइंडर जुळवायची चकतीही नाही.

फ्लॅशचं एक खुसपट कॅननवाल्यांनी नोंदवून ठेवावं. २००डी मार्क टू आणि ३०००डी यांच्या हॉट शूमधली (कॅमेऱ्यावर फ्लॅश बसवायच्या खाचेतली) मधली पिन कंपनीने काढून टाकली आहे. एकाच पिनवर चालणारे जुने फ्लॅश आणि स्वस्त ट्रिगर त्यावर पेटत नाहीत. पुढे स्टुडिओचे दिवे वापरायचा विचार असेल तर २००डी किंवा निकॉन बरा.

हातात धरून बघणं

वजनाचे आकडे फक्त बॉडीचे असतात. खांद्यावर येते ती बॉडी आणि लेन्स मिळून. डी३५०० आणि त्याची एएफ-पी १८-५५ मिळून साधारण ६२० ग्रॅम. तोच कॅमेरा एएफ-पी ७०-३०० सोबत ८३० ग्रॅम. दुकानात लेन्स लावून कॅमेरा मागा आणि निदान पाच मिनिटं डोळ्याला लावून ठेवा. करंगळी पकडीखाली लोंबकळते का? तर्जनी शटरवर असताना अंगठा मागच्या चकतीपर्यंत सहज पोचतो का? हात मोठा असेल तर २००डीची पकड उथळ वाटू शकते, आणि तासाभराने मनगट भरून येतं. बॉडी जितकी छोटी तितकी चांगली, हे फक्त छोट्या लेन्सपुरतं खरं आहे. दीड किलोची लेन्स लावली तर सगळा भार डाव्या हातावर येतो आणि उजव्या हाताची पकड नावालाच उरते.

चष्मा असेल तर व्ह्यूफाइंडरच्या बाजूची बारीक चकती फिरवा. समोरचं दृश्य बघू नका, आतले आकडे ठळक दिसेपर्यंत फिरवा. ‘कॅमेऱ्याचा फोकस बसत नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हीच चकती सरकलेली असते. या सगळ्या छोट्या कॅमेऱ्यांत व्ह्यूफाइंडरमध्ये चित्राचा ९५ टक्केच भाग दिसतो. कडेला दिसला नव्हता असा विजेचा खांब फोटोत येतो तो त्यामुळे.

लेन्स: इथे घाई करू नका

किट लेन्स घ्याच. १८ मिमीची रुंदी दुसरीकडे स्वस्तात मिळत नाही. मारबतीच्या दिवशी इतवारीच्या गल्लीत मागे सरकायला जागाच नसते, तिथे १८ लाच पिवळी मारबत पूर्ण मावते. पण नावातली अक्षरं नीट वाचा. कॅननमध्ये ‘आयएस’ आणि निकॉनमध्ये ‘व्हीआर’ म्हणजे हात हलला तरी लेन्स सावरून घेते. निकॉनच्या एएफ-पी १८-५५ आणि ७०-३०० या दोन्ही लेन्सा व्हीआरसह आणि व्हीआरशिवाय अशा दोन्ही प्रकारांत आहेत, दिसायला जुळ्या. ‘डबल झूम किट’ म्हणून कॅननसोबत ७५-३०० दिली जाते, तिच्यात आयएस नाही. ३०० मिमीला हातात धरून तिच्याने स्पष्ट फोटो मिळवायचा तर शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवावं लागतं, आणि तेवढा उजेड जंगलात पहाटे नसतो. तिच्याऐवजी ५५-२५० आयएस एसटीएम शोधा. ३७५ ग्रॅमची आहे, आणि पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याला पहिल्यांदा जाणाऱ्याला पुरते.

निकॉनमध्ये आणखी एक अट. डी३५०० आणि डी५६०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलं असेल तरच आपोआप फोकस होतो. नुसतं ‘एएफ’ किंवा ‘एएफ-डी’ असेल तर हाताने फिरवावं लागेल. स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली ५० मिमी एएफ-डी अशाच चुकीने कपाटात पडून राहते. उलटही घडतं: एएफ-पी लेन्सा डी३२००, डी५१००, डी९० अशा जुन्या बॉडींवर चालतच नाहीत.

दुसरी लेन्स कोणती? सगळे ५० मिमी एफ १.८ सांगतात, कारण ती स्वस्त आहे. पण छोट्या सेन्सरवर ती ७५-८० मिमीसारखी वागते. उभा कॅमेरा धरून माणूस डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचा, वरखाली थोडी जागा सोडायची, तर तुम्हाला सुमारे १५ फूट मागे जावं लागतं. दहा बाय बाराच्या खोलीत ते कसं जमणार? निकॉनच्या ३५ मिमी एफ १.८ ला दहा फूट पुरतात, कॅननच्या २४ मिमी एफ २.८ ला सात. घरातले वाढदिवस, गणपती, बारसं हे मुख्य काम असेल तर या दोनपैकी जी तुमच्या बॉडीला बसते ती घ्या. फुटाळ्याच्या काठावर एकट्या माणसाचे पोर्ट्रेट काढायचे असतील तर ५० उत्तम. अजून ठरत नसेल तर एक युक्ती करा. किट लेन्सवर महिनाभर फोटो काढा आणि कॉम्प्युटरवर त्यांची माहिती उघडून कोणती फोकल लेंग्थ (किती मिमी) जास्त वापरली ते मोजा.

वापरलेला कॅमेरा तपासण्याची रीत

जाताना स्वतःचं रिकामं कार्ड, पांढरा कागद, वर्तमानपत्राचं पान आणि मोबाइल चार्ज करून न्या. अर्धा तास लागतो. विकणारा घाई करत असेल तर निघून या.

आधी नंबर. बॉडीच्या तळाचा सिरियल नंबर खोक्यावर, बिलावर आणि वॉरंटी कार्डावर तोच आहे का पाहा. बिल नसेल तर निदान विकणाऱ्याच्या सहीची पावती आणि ओळखपत्राची प्रत घ्या. चोरीचा माल निघाला तर तेवढाच आधार.

मग शटर किती वेळा उघडलं ते. निकॉन हा आकडा प्रत्येक फोटोत लिहून ठेवतो. तुमच्या कार्डावर एक जेपीईजी काढा आणि फोटोची माहिती वाचणाऱ्या कोणत्याही ॲपमध्ये मूळ फाइल उघडा. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या फोटोत ही माहिती उरत नाही. कॅनन आकडा फोटोत लिहीत नाही, त्यासाठी केबल लावून सॉफ्टवेअर चालवावं लागतं. ‘फाइलचा नंबर बघा ना, दोन हजारच झालेत’ असं कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. ९९९९ नंतर नंबर पुन्हा ०००१ वर येतो. या वर्गातल्या शटरचं आयुष्य लाखभर क्लिकचं धरतात. २०-३० हजार क्लिकचा कॅमेरा निर्धास्त घ्या, ७० हजार क्लिकच्या पुढचा असेल तर भाव पाडून मागा.

सेन्सरसाठी एपर्चर एफ २२, आयएसओ १००, फोकस हाताने पूर्ण बिघडवून पांढऱ्या कागदाचा फोटो काढा आणि पूर्ण मोठा करून सरकवत पाहा. गोल राखाडी ठिपके म्हणजे धूळ, ती निघते. बारीक तिरपी रेघ असेल तर तो काचेवरचा ओरखडा, तो निघत नाही. नंतर लेन्सला टोपण लावून दोन सेकंदांचा फोटो काढा. लाल-निळे चमकते ठिपके दोन-चार असतील तर चालतं, आकाशासारखे पसरलेले असतील तर नको.

लेन्स काढून मोबाइलच्या टॉर्चने एका बाजूने उजेड टाका आणि दुसरीकडून तिरपं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. धुळीचे दोन-चार कण मात्र फोटोत दिसत नाहीत, त्यासाठी लेन्स नाकारू नका. कॅननची लेन्स काढल्यावर तिचं एपर्चर उघडं राहतं. निकॉनच्या नावात ‘जी’ असलेल्या लेन्समध्ये ते मिटलेलं असतं. मागच्या कडीजवळचा छोटा खटका बोटाने हलकेच सरकवून धरा, तरच आतलं दिसेल. हे न केल्याने बुरशी लागलेल्या लेन्सा सर्रास विकल्या जातात.

कॅननच्या जुन्या १८-५५ मध्ये एक ठरलेला बिघाड येतो. एपर्चरला जाणारी आतली पातळ पट्टी झूम करून करून तुटते. पूर्ण उघड्या एपर्चरवर फोटो नीट येतात, एफ ८ वर क्लिक केलं की स्क्रीनवर ‘एरर ०१’. म्हणून १८, ३५ आणि ५५ या तिन्ही ठिकाणी एफ ८ आणि एफ ११ वर फोटो काढून बघा. एरर आली तर आधी लेन्सचे सोनेरी संपर्क कोरड्या मऊ कापडाने पुसा. तरीही आली तर लेन्स बदलून मागा.

फोकससाठी वर्तमानपत्र टेबलावर सपाट ठेवा, तिरक्या कोनातून मधल्या एका ओळीवर मधला पॉइंट लावा, एपर्चर पूर्ण उघडं. जी ओळ धरली तीच स्पष्ट हवी. पुढची किंवा मागची ओळ स्पष्ट येत असेल तर आणखी तीनदा करा. दरवेळी तेच घडलं तर सोडून द्या, कारण या बॉडींत ते मेनूतून दुरुस्त करता येत नाही.

शेवटी फिरणारी स्क्रीन सगळ्या दिशांना वळवून पाहा (बिजागरीतली पट्टी तुटली की ती मधेच बंद पडते), वरचा फ्लॅश उघडून पेटवा, बॅटरीचं झाकण घट्ट बसतं का बघा, आणि रबर चिकट झालंय का चाचपा. आरशाला बोट लावू नका. तो पुढून पुसायचा नसतो, कापडाने कायमचे ओरखडे पडतात. आणि निकॉनची किट लेन्स लावल्यावर फोटो निघतच नसेल तर घाबरू नका. लेन्सवरचं बटण दाबून झूमची कडी १८ पर्यंत फिरवा. ती मिटवून ठेवता येणारी लेन्स आहे, उघडल्याशिवाय चालत नाही.

नवा घेत असाल तर

बर्डीवर दोन-तीन दुकानांत भाव विचारताना ‘जीएसटी बिलासकट, कंपनीच्या वॉरंटीसकट’ असंच विचारा. बिलाशिवायचा भाव कमी असतो, पण मग सर्व्हिस सेंटरला दाखवायला हातात काहीच नसतं. ‘फ्री’ म्हणून मिळणारी बॅग चालेल. फुकटचा ट्रायपॉड आणि यूव्ही फिल्टर नाकारून तेवढे पैसे कमी करून मागा. स्वस्त फिल्टर रात्रीच्या दिव्यांची भुतं फोटोत आणतो. खोकं समोर उघडा, नंबर जुळवा, पांढऱ्या कागदाची चाचणी नव्यावरही करा.

कार्ड ३२ किंवा ६४ जीबीचं, यूएचएस-१ (कार्डाच्या वेगाची श्रेणी) पुरे. यूएचएस-२ चा वेग हे कॅमेरे वापरतच नाहीत. २४ मेगापिक्सेलची रॉ (सेन्सरची मूळ, जेपीईजी न केलेली) फाइल २० ते ३० एमबीची, म्हणजे ३२ जीबीत हजारभर मावतात. बनावट कार्डं बाजारात खूप आहेत. घरी आल्यावर एकदा पूर्ण भरून, फाइली परत उघडून बघा.

पहिल्या दिवशीची मांडणी

मेनूमध्ये ‘कार्डाशिवाय शटर’ हा पर्याय आधी बंद करा. कार्ड घरी विसरून अख्खा समारंभ काढणारे दरवर्षी निघतात. मग एपर्चर मोड (एपर्चर तुम्ही ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), ऑटो आयएसओ, वरची मर्यादा ६४००. निकॉनमध्ये कमीत कमी शटर १/१२५ ठेवा, म्हणजे हलणारी माणसं पुसट होत नाहीत. फोकसचा एकच मधला पॉइंट निवडा. सगळे पॉइंट चालू ठेवले तर कॅमेरा सगळ्यात जवळची वस्तू पकडतो, आणि नवरीऐवजी पुढची समई स्पष्ट येते. तारीख-वेळ बरोबर लावा, नाहीतर दोन वर्षांनी फोटो शोधताना हाल होतील.

नागपूरचं ऊन, कूलर आणि पावसाळा

या कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराचं तापमान ० ते ४० अंश दिलेलं आहे. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ होतं. दुपारी कॅमेरा चालतो, पण पांढऱ्या कापडाखाली ठेवा आणि दोन फोटोंच्या मधे बंद करा. स्कूटरच्या डिक्कीत आणि उन्हात उभ्या कारमध्ये कधीच ठेवू नका. तिथे रबराचा गोंद सुटतो, लेन्समधलं वंगण पातळ होऊन एपर्चरच्या पात्यांवर येतं, बॅटरी फुगते.

बुरशी पावसाळ्यात लागते हे सगळ्यांना माहीत असतं, कूलरचं कोणाच्या लक्षात येत नाही. बाहेर हवा कोरडी, पण कूलरची खोली चार महिने दमट असते. तिथल्या कपाटात कातडी बॅगेत ठेवलेली लेन्स जूनपर्यंत खराब होऊ शकते. पाच-सात लिटरचा घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा, त्यात १०० ग्रॅम रंग बदलणारं सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४० ते ५० टक्के हवा. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर भाजून पुन्हा वापरा. डांबराच्या गोळ्या घालू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये एसीच्या खोलीतून एकदम बाहेर आणलेल्या लेन्सवर वाफ धरते. अर्धा तास बॅग बंदच राहू द्या, मग उघडा. जंगलात जिप्सीत बसल्यावर लेन्स बदलू नका. धूळ आत गेलीच तर बॅटरी पूर्ण चार्ज करून मेनूतून आरसा वर उचलून घ्या, कॅमेरा तोंड खाली करून धरा आणि रबरी ब्लोअरने चार-पाचदा हवा मारा. तोंडाने फुंकर मारली की थुंकीचे थेंब सेन्सरवर वाळतात, आणि ते काढायला सर्व्हिस सेंटरच गाठावं लागतं.